चौथ्या विमानाची तीट

नव्या विमानाच्या नाकाखाली गायधनी काळ्या रंगात करंगळी बुडवून वाकले होते, तेवढ्यात मागून दाबकेसाहेब कडाडले, "अहो, हा विमानांचा कारखाना आहे की पाळणाघर?"

रंगविभागात तीस वर्षं काढलेल्या गायधनींनी मुकाट्याने बोट पुसलं. आग्नेय आशियातल्या एका देशाला निघालेलं हे आपलं चौथं हलकं लढाऊ विमान. आधीच्या तिघांना त्यांनी कुणाला न सांगता तीट लावली होती. लेकरू परमुलखात चाललंय म्हटल्यावर राहवतं का? हेच एक तिटेविना जाणार म्हणून त्यांचा जीव रात्रभर खालीवर होत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देशाच्या तपासनीस बाई आल्या. टॉर्च घेऊन विमानाखाली शिरल्या, फाइलीतले आधीच्या विमानांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "त्या तिन्हींना इथे काळा ठिपका आहे, याला नाही. मला चारही तंतोतंत सारखी हवीत. त्याशिवाय सही करणार नाही."

दाबकेसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ठिपका कशाचा, हे पाहुणीला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी हळूच गायधनींना खूण केली.

गायधनींची करंगळी रंगात बुडालीसुद्धा. ते विमानाखाली वाकले, तसे साहेबही शेजारी उकिडवे बसले आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले, "जरा ठसठशीत लावा हो. सकाळपासून सगळे टक लावून बघतायत त्याच्याकडे."