नेट लावा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये शिडी घसरली. शिडीवर थोरला भाऊ छताचा दिवा बदलत होता, खाली धाकट्याने शिडी धरली होती. दोघेही वायरमन. हॉलचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणतात, पंधरा पावलांवर खांबाला जाळी बांधत होता. त्याची पाठ दोघांकडे होती.

फरशी लाकडी, सकाळीच पॉलिश केलेली. शिडीचे पाय सरकू लागले तसा धाकटा ओरडला, "मामा, नेट लावा! नेट लावा!"

"लावतोय ना बाबा," मामा न वळता म्हणाला. "दोनच हात आहेत मला."

थोरला वीस फुटांवरून डोक्यावर पडला.

हवालदार पाच वाजता आला. मामाला समोर बसवून त्याने वही उघडली.

"हाक ऐकू आली होती?"

"आली. नेट लावा म्हणाला. मी नेटच लावत होतो. अठरा वर्षं इथे मला दुसरं कोण काय सांगतं? मामा, नेट लावा. मामा, नेट काढा."

"त्याला जोर लावा म्हणायचं होतं."

"आता कळतंय, साहेब. मीही म्हणतो की. कपाट सरकवताना बायकोला म्हणतो, जरा नेट लाव." मामा थांबला. "इथे नाही आलं डोक्यात."

हवालदाराचं पेन अडलं. "कंसात काय लिहू? जाळी की जोर?"

"तो काय म्हणाला तेवढंच लिहा."

दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर वहिनी धाकट्याला तेच तेच विचारत होती.

"शिडी धरा, असं का नाही म्हणालास?"

"तोंडात आलं ते बोललो, वहिनी. काम करताना दादा मला हेच म्हणतो."

"दोन शब्द, भावजी. सरळ दोन शब्द."

पावणेसातला नर्स बाहेर आली. पेशंट प्रतिसाद देत नाही, म्हणाली. घरच्या कुणीतरी आत येऊन हाक मारून बघा, ओळखीचा आवाज कधी कधी पोचतो. वहिनीला उभं राहवेना. धाकटा आत गेला.

सात वाजून गेले आहेत. तो खाटेशी उभा आहे. अजून काही बोललेला नाही.