एक्केचाळीस सेंटिमीटर

"मामांना ‘झालं’ म्हटल्याशिवाय गाडीत बसू नकोस. तो माणूस हलायचा नाही," असं मोठ्या साहेबांनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिनं हसून मान डोलावली होती. आपण सांगायला विसरलो म्हणून कुणी काय जन्मभर उभं राहतं?

आज तिसरा दिवस होता आणि मोजणीची काठी धरून मामा साइटवर उभे होते.

इकडे ऑफिसात तिच्या संगणकावर सात कोपऱ्यांचा एक प्लॉट उघडा पडला होता. पहिल्या बिंदूपासून निघायचं, कोपऱ्याकोपऱ्यानं हद्द फिरायची आणि परत पहिल्या बिंदूवर यायचं, एवढंच मोजणीचं काम. शेवटची रेघ पहिलीला येऊन मिळते, म्हणजे हद्द ‘मिटते’ की नाही, ते मग सॉफ्टवेअर सांगतं. या प्लॉटची रेघ एक्केचाळीस सेंटिमीटर अलीकडेच थांबत होती. एक-दोन सेंटिमीटर कुणीही खपवून घेतलं असतं. एक्केचाळीस म्हणजे फारच झालं.

आणि मामांचा नियम असा, की हद्द मिटल्याशिवाय पहिल्या बिंदूवरची काठी उचलायची नाही. तीस वर्षांपूर्वी साहेब लोक तिथंच बसून, मांडीवर वही घेऊन हिशेब करायचे, ‘झालं’ म्हणायचे आणि मामा काठी खांद्यावर टाकायचे. आता आकडेमोड ऑफिसात होते, हे त्यांच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं.

मोजणीच्या दिवशी पाळणाघर बंद होतं. दहा महिन्यांच्या लेकीला टोपलीत घालून तिनं साइटवर नेलं. पहिल्या बिंदूजवळ एक झुडूप होतं, त्याच्या सावलीत टोपली ठेवली आणि शेजारी काठी धरून उभ्या असलेल्या मामांना म्हणाली, जरा लक्ष ठेवा. दुसरी काठी घेऊन ड्रायव्हर कोपरे फिरला, ती यंत्र घेऊन त्याच्या मागं. तीन तास मोजणी चालली. शेवटी पहिल्या बिंदूवरच्या मामांचं माप घेतलं आणि नेमकी तेव्हाच लेक भुकेनं ओरडायला लागली. मग टोपली गाडीत, यंत्र गाडीत, ड्रायव्हर गाडीत. मामांचं घर तिथून जवळच होतं. जातील चालत, असं तिला वाटलं.

पहिल्या संध्याकाळी तिनं फोन करून त्यांना घरी जायला सांगितलं. मिटलं का, असं त्यांनी विचारलं. अजून नाही, ती म्हणाली. "मग मी कसा जाऊ, ताई?" ते इतक्या कळवळून म्हणाले, की जणू उन्हातान्हात तीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. घरी हा माणूस पाच मिनिटं एका जागी टेकत नाही, तुम्ही त्याला काय पाजलंत, असं त्यांनी विचारलं. त्यांनी खुर्ची नेऊन दिली होती. बसलं की काठी कलते, म्हणून मामांनी खुर्ची पाहुण्यांना दिली. कारण आता पाहुणे यायला लागले होते. न्हावी जागेवर येऊन दाढी करून गेला. मामांनी मान हलवू दिली, काठी नाही. टपालही तिकडंच जायला लागलं. नव्या माणसाला लोक पत्ता सांगत, मामांपासून डावीकडे.

झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालतोय ना ते बघणारी बाई ती. गॅसचं बटण बघायला तीन जिने परत चढणारी. तिनं सगळे कोन तपासले, सगळी अंतरं तपासली, सहाच्या जागी नऊ तर पडला नाही ना ते तीनदा बघितलं. एक्केचाळीस जागचे हलेनात.

तेव्हा तिनं सॉफ्टवेअरमधलं ते बटण दाबलं. चूक सगळ्या बाजूंवर थोडी थोडी वाटून टाकायचं बटण. सातही रेघा किंचित सरकल्या आणि पडद्यावर शून्य आलं. तिनं लगेच मामांना फोन लावला. झालं, म्हणाली.

"वाटायच्या आधी किती होतं?" मामांनी विचारलं.

तिला खोटं बोलता येईना.

"एवढं वाटायचं नसतं, ताई. आपण दुसरीकडं तपासा. मी आहे इथं."

म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी ती यंत्र घेऊन साइटवर आली. मामा ताठ उभे होते. समोर खुर्चीत कुणीतरी पेपर वाचत होतं. ती जवळ गेली, खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. पहिल्या बिंदूचा पितळी खिळा काठीच्या टोकापासून चांगला एक पाऊलभर लांब होता.

"मामा, तुम्ही हललात?"

"छे. तीन दिवस झाले, हललो असेन तर शपथ." ते दुखावलेच. "परवा झुडपाची सावली सरकली, बाळाच्या तोंडावर ऊन यायला लागलं. तेव्हा एक पाऊल घेतलं फक्त, माझी सावली पडावी म्हणून. त्याला काय हलणं म्हणतात?"

तिनं त्यांना एक पाऊल मागं यायला सांगितलं. माप घेतलं. लॅपटॉपवर आकडा आला, चार मिलिमीटर.

"झालं, मामा."

मामांनी काठी खांद्यावर टाकली, कंबर मोकळी केली आणि पहिलंच विचारलं, "बाळाला नंतर ताप वगैरे नाही ना आला? पाऊण तास तरी ऊन होतं तिथं."

तिनं मान हलवली. सगळे आकडे तिनं तीनदा तपासले होते. त्या पाऊण तासात लेक रडली कशी नाही, हे मात्र एकदाही नाही.

तुम्हीही कधी कुणाला ‘जरा लक्ष ठेवा, आलेच’ म्हणून निघाला असाल. एकदा जाऊन बघून या. तो माणूस तिथंच असेल, एक पाऊल बाजूला.