डबल बेल

"अहो! अहो, मी खालीच आहे!"

पण स्कूटर गेलीसुद्धा. भाड्याची असली म्हणून काय झालं, पळायला अगदी घरच्यासारखी! ती समुद्राकाठच्या रस्त्यावर उभ्याची उभी राहिली. डोक्यावर हेल्मेट, हातात पाण्याची बाटली. मोबाइल डिकीत.

चूक तिचीच म्हणायची. पाणी प्यायला ती आणि नवरा थांबले होते. सीटवर वाळू दिसली, म्हणून चढण्याआधी तिने ती हाताने झटकली. धप्, धप्. झालं! उभा जन्म बस चालवलेला माणूस तो. मागून दोन ठोके पडले की डबल बेल, म्हणजे चला. कोण चढलं, कोण राहिलं, ती चिंता कंडक्टरची. या बेटावर फिरायला आल्यापासून तीही मागे बसली की सीटवर दोनदा थापटायची, गंमत म्हणून. ती गंमत आता अंगाशी आली.

ती जवळच्या बसथांब्यावर जाऊन बसली. रिटायर झाल्यापासून नवऱ्याने तोंडाला कुलूपच लावलं होतं. सकाळी उठायचं, खिडकीतून रस्ता बघत बसायचं, 'हं' आणि 'बरं' यांवर दिवस काढायचा. म्हणून तर तिने हट्टाने त्याला इथे आणलं, की इथे तरी मनातलं बोलेल. बोलणं राहिलं बाजूला, हा तर बायकोच विसरून गेला! दीपगृहापाशी सूर्य बुडताना बघायचा होता तिला. आता बघा बसथांबा.

बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. "येताय का?"

"नको. माझी गाडी येतेय," ती ऐटीत म्हणाली.

बस गेली आणि ऐटही गेली. त्याच्या लक्षातच आलं नाही तर? ती उठून रस्त्याच्या कडेला आली, तेवढ्यात समोरून स्कूटर आली.

नवऱ्याचा चेहरा पार उतरला होता. त्याने घाईघाईने हेल्मेट काढलं.

"कळलं एकदाचं?"

"अगं, मी बोलत होतो," तो म्हणाला. "शेवटच्या फेरीचं सांगत होतो तुला. बस डेपोत लावली, किल्ली देऊन टाकली, मग चालत घरी आलो ते... सगळंच. मग म्हटलं, तू का गप्प? काहीतरी बोल की. तर मागे कोणीच नाही."

तिला हसावं की रडावं कळेना. "इतके दिवस मी कानात प्राण आणून बसलेय, आणि तुम्ही सगळं वाऱ्याला सांगून मोकळे! आता मला सांगा."

"असं समोरासमोर नाही गं जमत." त्याने नजर रस्त्याकडे वळवली. "पुढे बघत असलो की येतं तोंडात."

ती मागे बसली. या वेळी नीट, त्याचा खांदा घट्ट धरून. मग सीटवर दोनदा थापटलं.

चढ लागला तसा त्याचा आवाज आला, "तर त्या दिवशी किल्ली देताना ती सुटेचना माझ्या हातून. कोणाला दिसू नये म्हणून मी..." तिने मान पुढे केली. हेल्मेटवर हेल्मेट टेकलं.

दीपगृह आलं. सूर्य पाण्यात उतरायला लागला होता, लोक फोटो काढत होते. त्याने वेग कमी केला.

"हे बघ, आलं तुझं दीपगृह. थांबायचं ना?"

सांगता सांगता तो अजून डेपोच्या फाटकापर्यंतच पोचला होता.

तिने सीटवर थापटलं. धप्, धप्.