चौकटीवरच्या खुणा

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या चौकटीवर आधीच्या भाडेकरूंच्या मुलाच्या उंचीच्या खुणा होत्या. प्रत्येकीशेजारी वय लिहिलेलं. त्यांच्याच बाजूला अनिमेष दर वाढदिवसाला आपल्या लेकीची, वल्लरीची खूण करी.

अनिमेष ऑफिसात दिवसभर आकड्यांतून सरळ रेषा ओढून उद्याचे अंदाज सांगतो. अशा माणसानं घरी येऊन आडवं व्हावं. यानं तारवटलेल्या डोळ्यांनी त्या मुलाची आणि वल्लरीची वयं आणि उंच्या लॅपटॉपवर मांडल्या. दोघांची रेषा एकच आली. एकही ठिपका तसूभर बाहेर नाही.

"मुलं अशी वाढत नाहीत गं."

"सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे तूच जगाला ऐकवतोस ना?" त्याची बायको योगिनी कणीक मळत म्हणाली.

"त्या मुलाच्या खुणा सातव्या वर्षी थांबल्यात."

"घर सोडलं असेल त्यांनी."

हे दोघांनाही पटलं. पटवून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत.

वल्लरी सात वर्षांची झाली. "बाबा, मार्क कर लाह!" असं शाळेतून उचललेल्या सिंगापुरी 'लाह'सकट म्हणत चौकटीला टेकली. अनिमेषनं तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं. ते बरोबर त्या मुलाच्या शेवटच्या खुणेवर आलं.

मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांत लबाडी केली. पेन्सिल बोटभर वर ओढली.

"बाबा, चीटिंग लाह!"

"गप. वाढशील तू."

सकाळी ऑफिसला निघताना त्यानं सहज चौकटीकडे पाहिलं. त्या मुलाची शेवटची खूणही बोटभर वर सरकली होती, वल्लरीच्या नव्या खुणेच्या बरोबर रेषेत. तशीच जुनी, पुसट, रंगाच्या पापुद्र्याखालची.

आणि त्या खुणेच्या वर काहीच नव्हतं.