घोषबाबूंची गिटार

"दूर हो, पोरी."

ईश्वरदास एवढ्या जोरात बोलला की गिटारीवर वाकलेली कुंता बापाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काऊन ओरडता, मास्टर? पाहून राहिली होती ते," लखनलाल म्हणाला.

"धूळ हाये. नाकात जाईन तिच्या." ईश्वरदासने गळ्यातला पंचा नाकातोंडावर ओढला आणि मागे गाठ मारली.

लखनलाल सडक अर्जुनीकडचा पोवार शेतकरी. बारा वर्षांच्या लेकीला घेऊन तो सकाळच्या मोटारीने गोंदियात आला होता, चारच्या मोटारीने परत जायचा होता. पेटी आणि तारांची वाद्यं दुरुस्त करणारा गोंदियात ईश्वरदास एकटाच, तेव्हा गिटार दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता.

"कोनाची होय?" ईश्वरदासने विचारलं. विचारायची तशी गरज नव्हती. तारांखालच्या घोडीजवळचा चरा त्यानेच दोन महिन्यांपूर्वी लाख भरून बुजवला होता, आणि आठवडाभर ती स्वतः वाजवलीही होती.

"घोषबाबूची. रेल्वेतले. बदली झाली तं पोरीले देऊन गेले."

ईश्वरदासचा हात थांबला. "आनखी काय म्हनत होते?"

"काही नाही. वाजवाच्या पहिले साफ करून घ्या म्हने."

लखनलालला बदलीचं पटलं होतं. बाजाराला पटलं नव्हतं. कोणाचं दुखणं झाकलेलं राहावं, हे बाजाराला कधीच खपत नाही. एवढा वाळलेला बंगाली बाबू कोणाचा निरोप न घेता रातोरात गाव सोडतो, म्हणजे नक्की क्षय, असं पानठेल्यावर आवाज खाली करून बोललं जात होतं.

बाप-लेक बाजाराकडे गेले. मागच्या दारात ईश्वरदासची बायको रुख्मा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगून टाका न त्यायले."

"सांगतलं तं उद्यापासून दुकानात कोन पाय ठेवन?"

"मंग काम नाही म्हना. परत द्या. लेकरू हाये ते."

"तू इकडे येऊ नोको. तिथंच राय."

रुख्मा तिथेच राहिली. तिने पदराने डोळे पुसले.

ईश्वरदासने गिटार मांडीवर आडवी घेतली. हौशी वाजवणाऱ्यांवर त्याचा जुनाच राग होता. जेवल्यावर हे लोक ताट घासतील, पण गिटार वाजवून झाल्यावर तारांवरून कोरडं फडकं फिरवायचं म्हटलं की यांचे हात मोडतात. मग तारा गंजतात, घामाचा आणि बोटांचा मळ पट्ट्यांच्या कडेला बसतो, खुंट्या फिरेनाशा होतात आणि बिघडली म्हणून सगळे ओरडतात.

आज मात्र त्याला राग येत नव्हता. आज त्याला भीती वाटत होती. ही गिटार मांडीवर घेऊन ती पोर तासन्‌तास तिच्यावर वाकून बसणार. तोंड तारांपासून वीतभर अंतरावर. ह्या लाकडावरून ते तिच्या छातीत उतरलं तर?

त्याने सगळ्या तारा उतरवल्या आणि परसात खड्डा करून पुरल्या. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये फडकं भिजवून पट्ट्यांमधला मळ काढला. पॉलिश उडेल म्हणून एरवी तो गिटारीच्या अंगाला स्पिरिट लावत नसे. आज त्याने अंगही पुसलं, कडाही पुसल्या. तारांवर फिरवायची लोखंडी कांडी स्पिरिटच्या वाटीत बुडवून ठेवली. पट्टीला जवसाच्या तेलाचा हात दिला, खुंट्यांच्या चाकांत शिलाई मशीनचं तेल सोडलं. वाकताना तो श्वास धरत होता. मग बाहेर उन्हात येऊन उभा राही, धाप टाकी, पुन्हा आत जाई.

नव्या तारा चढवून त्याने सूर लावले. सूर लागल्यावर गिटार परत खालपासून वरपर्यंत पुसली, पुसलेलं फडकं स्वतःच चुलीत टाकलं आणि गिटार बाहेरच्या बाकावर उन्हात ठेवली.

लखनलाल परतला तेव्हा ईश्वरदास दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात उभा होता.

"उचला बाकावरून. तयार हाये."

कुंताने तार छेडली आणि ती हसली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच हसली.

"मास्टर, एक बिनती होती," लखनलाल म्हणाला. "पोरीले शिकवा. शनिवारी शनिवारी घेऊन येत जाईन. तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही म्हने."

"नाही जमत."

"एक घंटा फक्त. ते तुमच्याजवळ चुपचाप बसन."

"नाही म्हनलं न. मले पोरीबारी शिकवाचा शौक नाही. जा, मोटार निघून जाईन."

लखनलालचा चेहरा पडला. असलं तोडून बोलणं त्याने आयुष्यात फार वेळा ऐकलं नसावं. मुलीचा हात धरून तो रस्त्याला लागला. कुंताने दोनदा मागे वळून पाहिलं.

"रडवलं न लेकराले," रुख्मा दारातून म्हणाली.

ईश्वरदासने दुकानाची अर्धी फळी लावली, गल्ल्याच्या खणातून पाकीट काढलं आणि आतलं पत्र उलगडलं. ते मागच्या आठवड्यात खरगपूरहून आलं होतं. घोषबाबूंना तिथली हवा मानवली होती. प्रकृती ठणठणीत होती, पोट सुटलं होतं, आणि बायको भात मोजून वाढते अशी त्यांची तक्रार होती. खाली सहीच्या वर एकच ओळ होती: "मास्टर, भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला क्षय झाल्याचं सांगून चार महिने झाले, अजून दुकानात कसे बसता?"