प्रोबचं टोक

"बिघडलं तुझं खेळणं. येऊन बघ," बाबा फोनवर म्हणाले.

महिन्यापूर्वी मीच सांगलीला जाऊन त्यांना तो नवा ऑसिलोस्कोप दिला होता. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा, तळहाताएवढा, सांगितलेलं ऐकणारा. जुन्या स्कोपवर ती लाट स्थिर करायला बटण अलगद फिरवावं लागायचं, आणि बाबांचे हात आता थरथरतात. म्हणून रविवारी ते रेडिओ दुरुस्तीला बसले की पुण्याहून जाऊन बटण मी फिरवायचे. नव्याला नुसतं "थांब" म्हटलं की लाट थांबते. त्यानंतरचे चार रविवार मी गेलेच नव्हते.

"यायला कशाला हवं? मी इथूनच तपासते."

"तिथून काय दिसणार आहे डोंबल!"

मी लॅपटॉप उघडून इंटरनेटवरून स्कोपला जोडला. अहवाल आला: बॅटरी भरलेली, बिघाड नाही. त्याची वीज टिपणारी सुई, म्हणजे प्रोब, कुठल्याच रेडिओला जोडलेला दिसत नव्हता. तरी पडद्यावर एक लाट होती, सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होणारी.

ती लाट मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. तेव्हा बाबांनी प्रोबच्या टोकावर माझं बोट ठेवलं होतं. "घरातल्या तारांमधली वीज आपल्या अंगातही गुणगुणते. ही बघ, ही तू."

आज त्या टोकावर त्यांचं बोट होतं. लाट मधूनच थरथरत होती.

"काय गं, सापडला का बिघाड?"

"सापडला, बाबा. पण तो इथून दुरुस्त व्हायचा नाही. दुपारच्या एसटीनं येते."