वरचं बटण

रोह्याची ती भाड्याची खोली आठवली की विनयला अजून भाजलेल्या बांगड्यांचा वास येतो.

चौऱ्याण्णव साली तो कंपनीत नवा लागला होता. बाबा पहिल्यांदाच राहायला आले, तेव्हा घरमालकीण हौसाकाकूंनी दारातच विचारलं, "तुमी ख्रिश्चन काय?"

"नाय काकू." खोली जाईल या भीतीनं विनय बोलून गेला. बाबांनी गळ्यातला क्रूस आत सारला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

सकाळी बाबा शेगडीवर बांगडे भाजत होते. विनयची मान वर होईना.

"पेत्र येशूचा शिष्य, तरी भीतीपोटी त्याला ओळखत नाही म्हणाला. तरी प्रभूनं त्याला मासे भाजून वाढले," बाबा म्हणाले. "ये, खाऊन घे."

तेवढ्यात काकू भाकऱ्या घेऊन आल्या. विनयनं त्यांच्यादेखत बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.